विसावी गोळी

पितळेच्या प्रेमात पडायला लिओना हाउगेनला एक दुपार पुरली.

तांब्याशी तिचं जमायचं, पण ते जुन्या नवरा-बायकोसारखं, म्हणजे कुरकुरत. तांबं कापायला घ्यावं तर ते पात्याला चिकटतं, लांबच लांब वेटोळी काढतं, ती वेटोळी लेथभोवती गुंडाळतात, आणि ती सोडवता सोडवता मनगट भरून येतं. त्या ऑक्टोबरात स्पोकेनच्या व्यापाऱ्याकडे तांब्याच्या कांबी संपल्या होत्या. तो फोनवर म्हणाला, "पितळ देऊ का? त्याच जाडीचं आहे." लिओना म्हणाली, "दे." झालं. पितळ लेथवर चढलं आणि त्याचा कीस तांदळाच्या कण्यांसारखा झरझर खाली पडायला लागला. वेटोळी नाहीत, चिकटणं नाही, आवाजसुद्धा गोड. एकेक गोळी आरशासारखी बाहेर यायची. पंचावन्न वर्षांच्या आपल्या मनगटाला इतक्या उशिरा का होईना, सुख मिळालं म्हणून ती बाई कामाच्या टेबलापाशी उभी राहून चक्क "थँक यू" म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हार्लन गेल्यापासून तिला ही सवय लागली होती. गाडी थंडीत पहिल्या झटक्यात सुरू झाली, थँक यू. छपरावरचा बर्फ आपणहून घसरला, थँक यू.

हार्लन, तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. आल्डर फोर्क गावाच्या टोकाला, घराला लागून असलेल्या गॅरेजात तो शिकाऱ्यांसाठी रायफलच्या गोळ्या घडवायचा. भरीव, एकाच धातूच्या. शिशाची गोळी जनावराच्या आत फुटून विखुरते, मग शिकाऱ्यानं टाकून दिलेली आतडी गरुड खातात आणि मरतात. तशी ही नव्हे. तो गेला तेव्हा गावाला वाटलं, आता लेथ विकली जाणार. लिओनानं लेथ पुसली आणि सुरू केली. वीस वर्षं त्याच्या मागे कॉफी घेऊन उभं राहताना ती नुसती कॉफीच धरत नव्हती. मग सरकारच्या खात्याकडे अर्ज करून तिनं स्वतःच्या नावानं परवाना काढला. घर दोघांच्या नावाचं, गाडी हार्लनच्या नावाची, कबरीवरचा दगडसुद्धा जोडनावाचा, तिची तारीख तेवढी कोरी. फक्त तिच्या नावाचा असा घरात तो एकच कागद होता. तो तिनं चौकटीत बसवून लेथच्या वर टांगला होता.

गॅरेजच्या खिडकीत एक मोठी काचेची बरणी होती. तिच्यात शिकाऱ्यांनी परत आणून दिलेल्या गोळ्या. एल्क, म्हणजे तिकडचं मोठं सांबर, मारला, तो घरी आणून कापला, मांसात गोळी सापडली की ती धुऊन बनवणाऱ्याला परत द्यायची, अशी तिकडची रीत. प्रत्येक गोळीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: कोणी, कुठलं जनावर, कुठे, कधी. गोळी पाकळ्या उघडलेल्या फुलासारखी दिसायची. लिओना ती बरणी आठवड्यातून एकदा पुसायची, लोक देव्हारा पुसतात तशी.

तर त्या पितळेच्या तिनं आठवड्याभरात पाचशेवीस गोळ्या काढल्या. पाचशे डिलन गावच्या एका वाटाड्याला हव्या होत्या, तो लोकांना शिकारीला न्यायचा. शिकारीचा मोसम उघडायला दोन आठवडे होते आणि त्याची माणसं वाट बघत होती. उरलेल्या वीस एमिलच्या.

प्रत्येक नव्या घाण्यातल्या पहिल्या वीस गोळ्या एमिल वुकोविचला पाठवायच्या, हा हार्लनचा नेम. एमिल एक्क्याऐंशी वर्षांचा. ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत त्यानं चाळीस वर्षं धातू पारखले. दगडात तांबं किती, हे सांगणं त्याचं काम. खाण बंद झाली पण त्याचा तराजू बंद झाला नाही. तो वीसच्या वीस गोळ्या एकेक करून तोलायचा आणि चिठ्ठी पाठवायचा: "सातवी जड आहे. अकरावीला कंबरेत चरबी आहे. बाकी ठीक." हार्लन हसायचा. लिओना चिडायची, पण सातवी बाजूला काढायची.

बुधवारी दुपारी एमिलची जुनी पिकअप दारात येऊन थांबली. एमिल कधी स्वतः येत नसे, त्यामुळे लिओनाला वाटलं, कोणीतरी गेलं.

"कोण गेलं?" तिनं दारातच विचारलं.

"तू जाणार आहेस," एमिल म्हणाला. "तुरुंगात. बाजूला हो, मला बसू दे."

तो स्टुलावर बसला, खिशातून पुठ्ठ्याची डबी काढून टेबलावर आपटली. "हे काय आहे?"

"गोळ्या आहेत, एमिल. तुमच्या वीस."

"ते दिसतंय गं. कशाच्या?"

"पितळेच्या. तांबं नव्हतं. तुम्ही वजनावरून बोलणार मला माहीत होतं. थोड्या हलक्या आहेत, पण..."

"वजन गेलं खड्ड्यात!" एमिल म्हणाला, आणि लिओना घाबरली. एमिल वजनाला खड्ड्यात घालतोय म्हणजे गोष्ट मोठी होती. "पोरी, परवान्याबरोबर ते जाडं पुस्तक आलं होतं, ते वाचलंस का तू?"

"वाचलं की."

"सगळं?"

लिओनानं ॲप्रनला हात पुसले. पुसायला हातावर काही नव्हतं. "एक प्रकरण सोडलं. चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांचं. ते सैन्याचं काम, एमिल. मी एल्कच्या मागे लागलेल्या लोकांसाठी गोळ्या करते. एल्क काय चिलखत घालून फिरतो?"

"आण ते पुस्तक."

पुस्तक टेबलाच्या एका पायाखाली होतं. फरशी तिथे खचली होती. एमिलनं ते पाहिलं. टेबल कलतं करून तिनं पुस्तक काढलं. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. कायद्यात धातूंची यादीच होती. टंगस्टन, पोलाद, लोखंड, पितळ, कासं, आणखी दोन-तीन. यातल्या धातूंची अख्खी गोळी, आणि ती पिस्तुलात चालत असेल, तर ती कायद्याच्या लेखी चिलखत भेदणारी. ती विकायचीच नव्हे, बनवायचीसुद्धा नाही. सरकारसाठी, परदेशी पाठवायला किंवा मंजुरी काढून चाचणीसाठी असेल तर गोष्ट निराळी.

"तांबं?" लिओनानं विचारलं.

"तांबं यादीत नाही."

"म्हणजे मऊ तांबं चालतं आणि मऊ पितळ चालत नाही?"

"मऊ-कठीण कायदा विचारत नाही. कायदा नाव विचारतो."

"पण ही रायफलची गोळी आहे! तीनशे आठच्या मापाची! ती पिस्तुलात कोण घालील, कुठला मूर्ख..."

ती थांबली. एमिलनं भुवई वर केली. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला.

व्हर्जिल, हार्लनचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे हातभर लांबीचं एक पिस्तूल होतं, एका वेळी एक काडतूस घेणारं, वर दुर्बीण बसवलेलं. काडतूस कुठलं, तर तीनशे आठ. ते घेऊन तो दर वर्षी शिकारीला जायचा आणि खांदा धरून परत यायचा. लिओना त्याला गेली पंधरा वर्षं हसत होती.

"व्हर्जिलसारखे देशात आणखी असतील," एमिल म्हणाला. "असलं एक पिस्तूल बाजारात आलं की ती गोळी पिस्तुलाची झाली. तू ती कोणासाठी केलीस, याला किंमत नाही. शिकारीसाठी म्हणून सूट मागता येते. अर्ज करायचा. पण तो आधी करायचा, पोरी. आणि एकदा अर्ज केला की उत्तर नातवंडं वाचतात."

लिओनाला बसावंसं वाटलं, पण स्टुलावर एमिल होता. ती लेथला टेकली.

"हार्लनला हे माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं त्याला, तीसेक वर्षांपूर्वी. त्यालाही पितळ हवं होतं. मनगटासाठीच."

"तो मला नेहमी म्हणायचा, 'आपण तांब्याची माणसं, लिओना. तांब्यालाच धरून राहायचं.' मला वाटायचं, ब्यूटचा अभिमान बोलतोय."

"बायकोला कलम सांगण्यापेक्षा अभिमान सांगणं सोपं असतं," एमिल म्हणाला आणि उठला. "आणखी पाठवल्यास का कुणाला?"

"नाही. शुक्रवारी जाणार होत्या."

"देवाची कृपा." एमिल सहसा देवाचं नाव घेत नसे. दाराशी जाऊन तो वळला. "आता काय करायचं ते मी सांगणार नाही. काय आहे एवढं पारखणं माझं काम, ते मी केलं."

त्याची गाडी जाते न जाते तोच व्हर्जिल आला. या गावात कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी आहे, हे कळायला फोन लागत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"अगं, एवढंच ना? तळ्यात टाक. मासे तक्रार करत नाहीत."

"पाचशेवीस गोळ्या, व्हर्जिल?"

"मग मला दे. मी झाडांवर झाडतो. दोन मोसमांत संपवतो. निदान एक तरी दे गं, आठवण म्हणून. माझ्या पिस्तुलाची कायद्यानं कधी नव्हे ती दखल घेतली."

"तुझ्या पिस्तुलामुळेच मी इथवर आलेय. हात लावू नकोस."

"कोणाला कळणारे, लिओना?"

हाच प्रश्न ती संध्याकाळभर घोळवत राहिली. कोणालाच कळलं नसतं. एमिल बोलला नसता, व्हर्जिलला दारू पाजली तर निदान चार दिवस तो गप्प बसला असता. पितळेची तळ्यात माती झाली असती आणि भिंतीवरचा कागद होता तिथे राहिला असता. पण त्या कागदाखाली उभं राहून ती रोज काम करणार होती. ते काम खोटं वागून कसं करायचं, हे तिला कळेना. ती शूर नव्हती. तिला फक्त खोटं लक्षात ठेवता यायचं नाही. एकदा तिनं शेजारणीला तुझा केक छान झाला म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी विसरून खरं बोलली.

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तिनं खात्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाला तिनं तीन वेळा सांगितलं, तरी तो विचारत राहिला, "म्हणजे तुम्ही तुमच्याबद्दलच सांगताय?"

"हो, माझ्याबद्दलच. दुसरं कोण आहे इथे?"

"मॅडम, गोळ्या आहेत तिथेच ठेवा. विकू नका, देऊ नका, नष्ट करू नका. किती आहेत?"

"पाचशेवीस."

पाचशे कपाटात होत्या आणि वीसची डबी टेबलावर होती. तिनं सगळ्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. डिलनच्या वाटाड्याला फोन करून सांगितलं, "या वर्षी दुसऱ्याकडून घे, मी चूक केलीय." तो हळहळला, मग म्हणाला, "पुढल्या वर्षी तुझ्याकडूनच." लिओनानं फोन ठेवून बरणीकडे बघत थँक यू म्हटलं.

मंगळवारी निरीक्षक आली. रोझलिन बाका नाव. पन्नाशीची, मूळची न्यू मेक्सिकोची, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि सर्दीनं नाक लाल झालेलं. लिओनानं पहाटेच लेफ्से करून ठेवली होती. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या, तिच्या आजीच्या नॉर्वेतल्या पद्धतीच्या. भीती वाटली की ती लेफ्से करायची.

"वास फार छान येतोय," बाका म्हणाली आणि ताट हळूच परत सरकवलं. "पण ज्याचं काम तपासते त्याच्या घरचं मी खात नाही, मॅडम. कॉफी चालेल. सर्दी आहे म्हणून."

"एक तरी..."

"एकापासूनच सुरुवात होते."

तिनं लेथ पाहिली, कांबी पाहिल्या, उरलेलं पितळ मोजलं. प्रश्न विचारले. पितळ कोणी सुचवलं? का घेतलं? कायद्यातलं प्रकरण वाचलं होतं का? लिओनानं खरं सांगितलं: पुस्तक टेबलाच्या पायाखाली होतं. बाकाचं पेन क्षणभर थांबलं.

"टेबल कुठल्या बाजूला कलतं?"

"डावीकडे."

"हं," म्हणून तिनं काहीतरी लिहिलं. ते काय, हे लिओनाला आजतागायत कळलेलं नाही.

मग मोजणी. पन्नास-पन्नासाची दहा खोकी. बाकानं एकेक गोळी मोजली, मधे शिंकली की पुन्हा पहिल्यापासून. पाचशे भरल्या. मग एमिलची डबी उघडली. पुठ्ठ्यात वीस खळगे, प्रत्येकात एक.

"एकोणीस," बाका म्हणाली.

"वीस."

"एकोणीस, मॅडम." तिनं डबी वळवून दाखवली. कोपऱ्यातला खळगा रिकामा होता.

एमिलवरच्या विश्वासानं तिनं ती डबी उघडलीसुद्धा नव्हती. बाकाचा चेहरा आतापर्यंत कॉफी पिणाऱ्या बाईचा होता. आता तो खात्याचा झाला.

"तुम्ही फोनवर पाचशेवीस सांगितल्या. इथे पाचशे एकोणीस आहेत. एक बाहेर आहे. ती कुणाच्या हातात आहे हे मला कळल्याशिवाय बाकी सगळ्या प्रामाणिकपणाला अर्थ राहत नाही. ही यादी एल्कसाठी केलेली नाही. पिस्तूल खिशात मावतं, आणि माझा भाऊ पोलिसाचं गोळी अडवणारं जाकीट घालून कामावर जातो."

हे ती चढ्या आवाजात बोलली नाही. लिओनाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. पहिल्यांदाच तिला त्या यादीमागे एक माणूस दिसला, जाकिटाची चेन लावून दारातून निघणारा.

तिनं व्हर्जिलला फोन लावला.

"व्हर्जिल, खरं सांग. आठवण म्हणून एक उचललीस का?"

"कशाची आठवण?"

"गोळी! त्या दिवशी मागत होतास!"

"आईशप्पथ नाही, लिओना! तू हात लावू नको म्हणालीस, मी लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, तर हे इनाम?" मग आवाज खाली आणून, "ती तिथेच आहे का? माझ्या पिस्तुलाबद्दल विचारतेय का? ते कायदेशीर आहे म्हणावं."

लिओनानं फोन ठेवला. तिनं चौकटीतल्या कागदाकडे पाहिलं, जाणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं. मग एमिलला फोन लावला. सातव्या घंटीला त्यानं उचलला.

"एमिल, त्या डबीत तुम्ही एकोणीसच गोळ्या परत दिल्यात."

"हो."

"विसावी कुठे आहे?"

"बाटलीत."

"कसल्या बाटलीत?"

"अगं, पारखायची म्हणजे विरघळवावी लागते. नुसत्या रंगावरून पितळ म्हणायला मी काय भांडीवाला आहे? बुधवारी सकाळी आम्लात टाकली. का? तुला हवी होती?"

लिओना भिंतीला टेकली. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच समजेना. "एमिल, बाटली घेऊन या. लगेच. आणि हळू चालवा!"

वीस मिनिटांनी एमिल आला. कोट घातलेला, गळ्याला टाय. चर्चसाठीसुद्धा तो टाय लावत नसे. एका हातात लाकडी स्टँडमध्ये बसवलेली काचेची बाटली, आत निळं-हिरवं पाणी, उन्हात तळ्यासारखं चमकणारं. दुसऱ्या हातात एक कागद. त्यानं दोन्ही टेबलावर ठेवलं. टेबल डावीकडे कललं, बाटली घसरली, आणि तिघांनीही एकदम हात पुढे केले. बाकानं ती धरली.

"ही तुमची विसावी गोळी," एमिल म्हणाला. "सावकाश धरा, कपड्यांना भोक पाडेल."

बाकानं बाटली सरळ ठेवली आणि कागद उचलला. जुन्या वळणाच्या अक्षरात पारख लिहिली होती: एक गोळी, वजन अमुक, तांबं साडेएकसष्ट टक्के, जस्त पस्तीसच्या वर, बाकी शिसं. खाली सही, तारीख, बुधवार, सकाळी साडेदहा. आणि त्याखाली, हे लिओनानंही तेव्हाच पाहिलं, आणखी एक ओळ होती: "बनवणारीला हा धातू निषिद्ध असल्याचं ठाऊक नाही असं दिसतं. आज दुपारी तोंडी कळवणार."

"हे तुम्ही का लिहिलंत?" बाकानं विचारलं.

"जे आढळलं ते लिहायचं असतं," एमिल म्हणाला. "चाळीस वर्षं तेच केलं. दगडात सोनं नसेल तर नाही लिहायचं, मालकाला कितीही वाईट वाटो. आणि असेल तर असंही लिहायचं."

बाका बराच वेळ तो कागद वाचत राहिली. बुधवारी दुपारपर्यंत हिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी सकाळी नऊला हिनं फोन केला. मधे फक्त एक संध्याकाळ. लिओनाला वाटलं, ती संध्याकाळच बाका वाचतेय. तळं, मासे, व्हर्जिल, सगळं.

"मला ही बाटली जमा करायला हवी," बाका शेवटी म्हणाली. "पण सरकारी गाडीत आम्ल नेता येत नाही."

"मग इथेच संपवू," एमिल म्हणाला. "खिळा आहे का, लिओना? साधा, लोखंडी."

त्यानं खिशातून एक पुडी काढली, पांढरी पूड चिमटीचिमटीनं बाटलीत टाकली. पाणी फसफसलं, शांत झालं. आम्ल मारलं, असं तो म्हणाला. मग लिओनानं दिलेला खिळा त्यानं दोऱ्याला बांधून आत सोडला. ब्यूटच्या खाणीत निळं पाणी साचायचं, तेव्हा त्यात भंगार लोखंड, रिकामे डबे टाकायचे आणि पाण्यातलं तांबं बाहेर ओढायचे. एमिलनं हजार वेळा पाहिलेलं. बाकानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. करडा खिळा आधी गुलाबी झाला, मग लालसर, मग त्यावर मऊ तांबूस साय चढायला लागली. तिघंही बाटलीत डोकं घालून बसले होते. बाकाची कॉफी गार झाली.

"हे..." ती म्हणाली.

"तांबं," एमिल म्हणाला. "पितळेत होतं. ते बाहेर आलं."

बाकानं चष्मा नाकावर सरकवला. खिळ्याचे फोटो काढले, बाटलीचे काढले, एमिलच्या कागदाची प्रत घेतली. मग फॉर्मवर लिहिताना मोठ्यानं वाचलं, "पाचशे एकोणीस ताब्यात घेतल्या. एक, फोन करण्याआधी, पारखताना विरघळली; तिचं तांबं माझ्यासमोर बाहेर काढलं." तिनं वर पाहिलं. "खिळ्यावर आमचं काही म्हणणं नाही. तांबं आमच्या यादीत नाही."

लिओनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते ॲप्रननं पुसलं. "माझा परवाना?"

"मी निर्णय देत नाही, मॅडम. मी आढळलं ते लिहिते," बाका म्हणाली आणि एमिलकडे एकदा बघितलं. "निर्णय वरून येतो. तोवर तांब्याचं काम चालू ठेवा. आणि टेबलाखाली दुसरं काहीतरी घाला."

जाताना ती दाराशी लेफ्सेच्या ताटापाशी थांबली, वाकली, नाकानं एक लांब श्वास घेतला. सर्दी होती, कितपत वास आला असेल कोण जाणे.

"एवढं चालतं," ती म्हणाली.

खात्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. लिओनानं ते गॅरेजात, उभ्यानं उघडलं. चूक गंभीर आहे, असं त्यात लिहिलं होतं. बनवणारीनं नियम वाचणं तिचं कर्तव्य होतं, असंही. पुन्हा घडल्यास परवाना जाईल. पण आपणहून, कळताक्षणी कळवलं, एकही गोळी विकली गेली नाही, हे ध्यानात घेऊन ताकीद देऊन प्रकरण मिटवण्यात येत आहे. तिनं पत्र तीनदा वाचलं. मग जाडं पुस्तक घेऊन बसली आणि सोडलेलं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. टेबलाखाली आता व्हर्जिलनं आणून दिलेली लाकडाची पाचर होती. व्हर्जिल म्हणाला होता, "बघ, माझ्याकडून एक तरी कायदेशीर गोष्ट झाली."

तिनं मिस बाकाला आभाराचं कार्ड लिहायला घेतलं. खात्याला आभाराचं पत्र लिहिणारी तू पहिलीच, असं व्हर्जिल म्हणाला. "असेन," ती म्हणाली. तिनं लिहिलं: "तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. मी आता त्याची आठवण ठेवून काम करते." सोबत काही पाठवलं नाही. ते चाललं नसतं.

एमिलचे आभार कसे मानायचे, हा जास्त अवघड प्रश्न होता. आभार मानले की तो फोन ठेवायचा. तिनं दोनदा करून पाहिलं. शेवटी नव्या तांब्याच्या पहिल्या वीस गोळ्या घेऊन ती स्वतः त्याच्याकडे गेली, आणि बरोबर ती खिडकीतली बरणी. गाडीत शेजारच्या सीटवर बरणीला पट्टा लावून बसवली होती.

एमिलची गोळी त्या बरणीत कधीच पडली नव्हती. नजर मंदावल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्यानं शिकार केली नव्हती. त्याआधी करायचा तेव्हा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, त्याची गोळी आरपार जायची. गाव म्हणायचं, बाजूनं जायची.

तिनं बरणी त्याच्या टेबलावर ठेवली. वरच्या थरात, फुललेल्या गोळ्यांच्या मधे, लालसर सायीचा एक खिळा होता. दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एमिलनं भिंग काढलं, चिठ्ठी उन्हाकडे धरली आणि हळूहळू वाचलं.

"शिकारी: एमिल वुकोविच. ठिकाण: आल्डर फोर्क. जनावर: लिओना हाउगेन. जिवंत सापडली."

तो बराच वेळ भिंग खाली ठेवेना. खिडकीबाहेर त्याचा कुत्रा बर्फात काहीतरी उकरत होता. लिओना वाट बघत राहिली. या वेळी फोन नव्हता, त्याला ठेवून देता येणार नव्हता.

"वजन नाही लिहिलंस," एमिल शेवटी म्हणाला.

"कोणाचं? माझं की खिळ्याचं?"

"खिळ्याचं गं! तुझं कशाला लिहायचं, तराजू मोडेल." त्यानं चिमटा उचलला, खिळा दोऱ्यातून सोडवला आणि काचेच्या पेटीतल्या आपल्या बारीक तराजूच्या पारड्यात अलगद ठेवला. काटा थरथरत राहिला. तो स्थिर होईपर्यंत दोघांनीही श्वास रोखून धरला होता. मग एमिलनं पेन्सिल घेतली आणि तिच्या चिठ्ठीवर, तिच्या अक्षराखाली, आपल्या जुन्या वळणाच्या अक्षरात वजन लिहिलं.